सरासरी कशाची काढायची?

साखर कारखान्याच्या दैनिक अहवालात गाळपाला आणि उताऱ्याला दोन-दोन रकाने असतात : 'आजचे' आणि 'आजअखेर'. गळीत हंगामात कार्यकारी संचालकांपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळे सकाळी आधी हाच कागद पाहतात. आता तो मोबाइलवर डॅशबोर्ड होऊन येतो, एवढाच फरक. 'आजचे' या रकान्यात मोजमाप असते. 'आजअखेर'च्या रकान्यात मात्र हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनच्या हजारो नोंदी कोणीतरी एका आकड्यात आणलेल्या असतात आणि त्या कशा आणल्या, हे कागदावर लिहिलेले नसते.

बिझनेस इंटेलिजन्स नावाने जे काम आज बँकांपासून दूध संघांपर्यंत सगळीकडे चालते, त्याचा गाभा हाच आहे. पुष्कळ नोंदी घ्यायच्या, त्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा एक आकडा करायचा. रंगीत आलेख, नकाशे हे सगळे त्यानंतरचे. आकडा करतानाच चूक झाली असेल, तर आलेख ती चूक फक्त देखणी करतो. म्हणून या लेखात आलेखांबद्दल काही नाही. लेख आहे तो गोषवारा कसा काढायचा याबद्दल, आणि उदाहरण उसाचे घेतले आहे. कारण इथे गोषवारा चुकला तर पैसे कोणाचे जातात, ते स्वच्छ दिसते.

उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनाच्या शेकडा किती साखर निघाली ते प्रमाण. शेतकऱ्याला मिळणारा एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवते तो रास्त आणि किफायतशीर दर, याच टक्केवारीला बांधलेला असतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा, असा दर होता. कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा, हप्ते किती, हे प्रश्न वेगळे. आपल्याला फक्त हिशोबाची रीत पाहायची आहे.

नमुन्यादाखल एका कारखान्याचा हंगाम मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण त्यांचा चढ खराखुरा आहे. सुरुवातीला ऊस पुरता पक्व नसतो, गाळपही रडतखडत चालते. थंडी पडली की साखर भरते आणि कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो. नोव्हेंबरात ५० हजार टन गाळप आणि ९.५ टक्के उतारा. डिसेंबरात दीड लाख टन, १०.७ टक्के. जानेवारीत दीड लाख टन, ११.३ टक्के. फेब्रुवारीत दीड लाख टन, ११.५ टक्के. आता एक्सेलमध्ये या चार टक्केवाऱ्या निवडून सरासरीचे सूत्र दिले, तर उत्तर येते १०.७५. पण साखर मोजा. चार महिन्यांत अनुक्रमे ४,७५०, १६,०५०, १६,९५० आणि १७,२५० टन साखर झाली; एकूण ५५,००० टन. ऊस गाळला ५ लाख टन. म्हणजे खरा उतारा ११ टक्के.

पाव टक्क्याचा फरक. वरच्या दराने १०.७५ टक्क्यांना क्विंटलमागे ३५६ रुपये ६० पैसे होतात आणि ११ टक्क्यांना ३६४ रुपये ९० पैसे. टनाला ८३ रुपये. पाच लाख टनांवर ४ कोटी १५ लाख रुपये, तोडणी-वाहतूक वजा होण्याच्या आधीचे. एकाही नोंदीत चूक नाही, काटा बरोबर, प्रयोगशाळा बरोबर. चुकली ती फक्त एकत्र करण्याची रीत. नोव्हेंबरच्या ५० हजार टनांना जानेवारीच्या दीड लाख टनांइतकेच मत दिले गेले.

हंगामाअखेरचा कारखान्याचा अधिकृत अहवाल, आरटी ८ (सी), गाळलेला एकूण ऊस आणि निघालेली एकूण साखर यांवर उभा असतो. त्यामुळे तिथे ही चूक सहसा शिरत नाही. ती शिरते पुढच्या टप्प्यांवर. कोणीतरी महिनावार गोषवारा करतो आणि त्यात जागा वाचवायला फक्त टक्केवारी ठेवतो. दुसरा त्या गोषवाऱ्याचा त्रैमासिक गोषवारा करतो. तिसऱ्याच्या हातात पोहोचेपर्यंत टन गळून गेलेले असतात आणि त्याच्याकडे टक्केवाऱ्यांची सरासरी काढण्याशिवाय मार्गच उरत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : गोषवाऱ्याच्या कोणत्याही पायरीवर गुणोत्तर एकटे साठवू नका. त्याचा अंश आणि त्याचा छेद, दोन्ही सोबत न्या आणि भागाकार अगदी शेवटी, वाचणाऱ्यासमोर करा. दर टनी खर्च, दर ग्राहक विक्री, थकबाकीचे प्रमाण, दर लिटर फॅट, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

राल्फ किंबॉल या अमेरिकन तज्ज्ञाने १९९६ साली डेटा वेअरहाउसवर लिहिलेल्या पुस्तकातून आकड्यांची एक वर्गवारी रूढ झाली. ती अजून रोज कामाला येते. काही आकडे कुठल्याही दिशेने मिळवता येतात. गाळपाचे टन दिवसवार मिळवा, गटवार मिळवा, जातवार मिळवा. को ८६०३२ या जातीच्या उसाचे टन आणि इतर जातींचे टन यांची बेरीज एकूण टनांइतकीच येणार. काही आकडे कुठल्याच दिशेने मिळवता येत नाहीत, उतारा त्यांपैकी. आणि मधला एक प्रकार आहे, तो सर्वांत फसवा : एका दिशेने मिळवता येतात, दुसऱ्या दिशेने नाही.

गोदामातला साखरेचा साठा घ्या. तीन गोदामांचा आजचा साठा मिळवला, तर कारखान्याचा आजचा साठा मिळतो. पण एका गोदामाचा सोमवारचा, मंगळवारचा आणि बुधवारचा साठा मिळवला, तर जे येते त्याला काहीच अर्थ नसतो. तीच पोती तीनदा मोजली जातात. बँकेतली शिल्लक, कामगारांची हजेरीपटावरची संख्या, वाहनतळावर थांबलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सगळे याच जातीचे. काळाच्या दिशेने यांची बेरीज करायची नसते. महिनाअखेरचा आकडा घ्यायचा, किंवा महिन्यातल्या दिवसांची सरासरी काढायची, किंवा सर्वांत जास्त साठा किती झाला होता ते सांगायचे. यांतले काय निवडायचे ते प्रश्नावर ठरते. बँकेला तारण मोजायचे असेल तर महिनाअखेर. गोदाम पुरेल का हे पाहायचे असेल तर महत्तम. रिपोर्ट बनवणारे सॉफ्टवेअर मात्र आकड्यांचा रकाना दिसला की बहुधा आपोआप बेरजेची खूण लावते. साठ्याच्या रकान्यावर ती खूण तशीच राहिलेले अहवाल संचालक मंडळांपुढे जातात, हे मला खरोखर गंभीर वाटते.

हेच संख्येच्या बाबतीत. नोव्हेंबरात ४ हजार शेतकऱ्यांनी ऊस घातला, डिसेंबरात ९ हजारांनी. दोन महिन्यांत किती शेतकऱ्यांनी घातला? तेरा हजार हे उत्तर तेव्हाच बरोबर, जेव्हा एकही नाव दोन्हीकडे नसेल. ज्याची आडसाली लागण नोव्हेंबरात गेली, त्याचाच खोडवा डिसेंबरात गेला असेल, तर तो दोनदा मोजला गेला. वेगळ्या नावांची संख्या मिळवायला प्रत्येक वेळी मूळ नोंदींकडे परत जावे लागते. नोंदी अब्जावधी असल्या तर ते फार महाग पडते. फिलिप फ्लाजोले या फ्रेंच गणितज्ञाने सहकाऱ्यांसह २००७ साली हायपरलॉगलॉग ही पद्धत मांडली ती यासाठीच. थोडी अदमासाची चूक पत्करून अगदी कमी मेमरीत वेगळ्या नावांची संख्या काढता येते. कारखान्याला तिची गरज नाही. लाखभर पावत्या संगणक चुटकीसरशी मोजतो. गरज आहे ती मासिक संख्यांची बेरीज न करण्याची.

कोणता गोषवारा पुढच्या गोषवाऱ्यासाठी वापरता येतो, याचे नेमके उत्तर जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या एका निबंधात दिले. बेरीज, संख्या, लघुतम आणि महत्तम यांचे गोषवारे थेट एकत्र करता येतात : महिन्यांच्या बेरजांची बेरीज म्हणजेच हंगामाची बेरीज. सरासरी तशी जोडता येत नाही, पण बेरीज आणि संख्या जवळ ठेवली तर पुन्हा काढता येते. तिसरा वर्ग हट्टी आहे. मध्यक, म्हणजे सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद, हा भागांच्या मध्यकांवरून काढताच येत नाही; सगळ्या मूळ नोंदी लागतात.

आणि मध्यकाची गरज तर वारंवार पडते. ऊस घेऊन आलेले वाहन काट्यावर चढण्याआधी किती वेळ थांबले, हे पाहायचे असेल तर सरासरी अपुरी आहे. बहुतेक वाहने तीन-चार तासांत काट्यावर चढली आणि काही बैलगाड्या यंत्र बंद पडल्यामुळे रात्रभर अडकल्या, तर सरासरी सहा-सात तास येईल, जितके जवळपास कोणीच थांबले नव्हते. मध्यक सांगेल की नेहमीचा अनुभव काय. आणि दहापैकी नऊ वाहने किती तासांच्या आत सुटली, हा आकडा सांगेल की अडकलेल्यांचे हाल किती. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उताराही घटतो. ऊसतोड टोळीचा दिवस जातो. ज्याला ही व्यवस्था सुधारायची आहे, त्याला सरासरीपेक्षा हे दोन आकडे जास्त कळवतात.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट फारच साधी आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते : तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? वजनकाट्याच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक खेप. शेतकरी नव्हे, प्लॉट नव्हे, दिवसही नव्हे. हे पक्के ठरले की पुढचे प्रश्न सुटतात. ठरले नाही की भलतेच घोळ होतात. नेहमी दिसणारा घोळ असा. १८.५ टनांची एक पावती आहे. त्या शेतकऱ्याच्या बिलातून तीन कपाती आहेत : सोसायटीचे कर्ज, रोपांची उधारी, कारखान्याचा भाग. अहवालासाठी पावत्यांचा तक्ता आणि कपातींचा तक्ता जोडला. जोडल्यावर ती एक पावती तीन ओळींत उमटते, प्रत्येक ओळीत १८.५ टन. बेरीज केली की ५५.५ टन. संगणक काही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे नियमात झाले आहे. उपाय एकच : आधी कपाती पावतीवार मिळवून एका ओळीत आणा, मग जोडा. जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर टनांची बेरीज ताडून पाहा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि ते केल्याशिवाय अहवाल कोणाच्याही हाती देऊ नये.

रिकाम्या जागेबद्दलही एवढीच काळजी हवी. ऊस न मिळाल्याने कारखाना एक दिवस बंद राहिला, तर त्या दिवसाचा उतारा शून्य नाही, उतारा नाहीच. डेटाबेसमध्ये ती जागा रिकामी ठेवली, तर सरासरीचे फंक्शन तो दिवस वगळते. कोणी शून्य भरले, तर तो दिवस सरासरी खाली ओढतो. गाळपाच्या बाबतीत उलटे : बंद दिवसाचे गाळप खरोखरच शून्य असते आणि दिवसाचे सरासरी गाळप काढताना ते धरायचे की नाही, हे ठरवून लिहावे लागते. क्षमतेचा वापर पाहायचा असेल तर धरा; यंत्र चालू असताना किती गाळते हे पाहायचे असेल तर धरू नका. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र त्यांना एकच नाव देऊ नका.

आता एक कोडे, जे अनुभवी माणसालाही गोंधळात टाकते. एका समूहाचे दोन कारखाने आहेत, एक कोल्हापूरकडे, एक सोलापूरकडे. गेल्या हंगामात पहिल्याने ६ लाख टन गाळून १२ टक्के उतारा दिला, दुसऱ्याने ४ लाख टन गाळून ९.५. एकत्र उतारा ११ टक्के. यंदा पहिल्याचा उतारा १२.१ झाला, दुसऱ्याचा ९.६. दोन्हीकडे सुधारणा. आणि तरीही समूहाचा उतारा १०.६ वर घसरला! कारण यंदा कोल्हापूरकडे ४ लाख टन गाळले गेले आणि सोलापूरकडे ६ लाख. कोणाचे काम बिघडले नाही, मिश्रण बदलले. एकच एकत्रित आकडा पाहणारा अध्यक्ष दोन्हीकडच्या चीफ केमिस्टला जाब विचारेल आणि दोघांवरही अन्याय करेल.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली त्यावर लिहिले. सर्वांत गाजलेले उदाहरण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. १९७३ साली तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के घेतले गेले, महिलांपैकी सुमारे ३५ टक्के. भेदभाव उघड वाटत होता. विभागवार पाहिल्यावर चित्र बदलले. महिलांनी मोठ्या संख्येने अशा विभागांकडे अर्ज केले होते, जिथे सगळ्यांनाच प्रवेश कठीण होता. १९७५ साली 'सायन्स' नियतकालिकात हे विश्लेषण आले आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांत आहे. यावरून एकत्रित आकडा नेहमी खोटा आणि विभागवार आकडा नेहमी खरा असा अर्थ काढू नये. समूहाला एकूण उसातून शेकडा किती साखर मिळाली, हाच प्रश्न असेल तर १०.६ हेच बरोबर उत्तर आहे.

आपल्या राज्याच्या जनगणनेतही एक बेरीज अशीच एक मोठी गोष्ट झाकते. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. कोकणातला चाकरमानी मुंबईत मोजला गेला आणि त्याची घरची माणसे गावी, हे या दोन आकड्यांमागचे एक मोठे कारण. एकाच स्थलांतराच्या या दोन बाजू राज्याच्या बेरजेत एकमेकींना पुसून टाकतात. राज्याच्या ९२९ वरून हे स्थलांतर कधीच दिसणार नाही.

म्हणून चांगल्या अहवालाला खाली उतरायची वाट लागते. एकूण आकड्यावरून कारखान्यावर, तिथून गटावर, गटावरून पावतीवर. संगणकाच्या जगात ही सोय हळूहळू आली. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसचा पाया घातला. त्यातून आलेल्या एसक्यूएल भाषेत गट पाडून बेरीज करणे एका ओळीचे काम झाले. १९९३ च्या सुमारास एक्सेलमध्ये पिव्हट टेबल आले आणि तीच ताकद कोड न लिहिणाऱ्या माणसाच्या हाती आली. पण वाट राखण्याची शिस्त आपल्या पेढ्यांवर त्याच्या फार आधीपासून होती. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज, तेरजेवरून ताळेबंद, आणि कीर्दीच्या प्रत्येक नोंदीपुढे 'खा. पा.' हा रकाना, म्हणजे ही रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर गेली त्याचा पत्ता. तेरीज जुळली नाही की त्या पानांवरून मागे जात चूक पकडायची. आजच्या पुष्कळ डॅशबोर्डांमध्ये हा पत्ता नसतो. एकूण आकड्यावर बोट ठेवले, तर त्यामागच्या नोंदी उघडत नाहीत. असा आकडा तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्यावर दर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याख्येचा एक मुद्दा राहिला. कारखाना जास्त साखर उरलेली बी हेवी मळी किंवा उसाचा रस इथेनॉलकडे वळवतो, तेव्हा पोत्यांत येणारी साखर कमी होते आणि उतारा घसरल्यासारखा दिसतो. वळवलेली साखर धरून काढलेला उतारा वेगळा, प्रत्यक्ष पोत्यांवरचा वेगळा. दोन कारखान्यांची किंवा दोन वर्षांची तुलना करताना एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा घेतला गेला, तर वर सांगितलेली सगळी काळजी वाया जाते. गोषवाऱ्याच्या शीर्षकाखाली एका ओळीत व्याख्या लिहिली, तर हा घोळ टळतो.

सहकारी कारखान्याचे जे सभासद हा लेख वाचत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. वार्षिक सभेआधी छापील अहवाल घरी येतो. त्यात एकूण गाळप टनांत आणि साखर उत्पादन क्विंटलमध्ये दिलेले असते. क्विंटलच्या आकड्याला टनांच्या आकड्याने भागा आणि दहाने गुणा. वरच्या नमुन्यात साडेपाच लाख क्विंटल भागिले पाच लाख टन गुणिले दहा, म्हणजे ११ टक्के. तुमचे उत्तर आणि छापलेला सरासरी उतारा यांत किरकोळ फरक प्रक्रियेतल्या साखरेमुळे पडू शकतो. त्याहून मोठा फरक दिसला तर सभेत उभे राहून विचारा : इथेनॉलकडे किती साखर वळवली, ती या उताऱ्यात धरली आहे का, आणि ही सरासरी टनांवरून काढली की टक्केवाऱ्यांवरून?